महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांना आणि धर्मग्रामांना जाहीर आवाहन

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, तसेच आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन असला, तरी श्रद्धा घरात दडवून ठेवावी अशी अपेक्षा त्यात कोठेही नाही. महाराष्ट्रात मात्र, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून थोडी कमी आहे, आपली ओळख जितकी कमी दिसेल तितके बरे, असे अनेक कुटुंबांना वाटते. या भीतीला कारणे आहेत, परंतु तिच्यापोटी समाजाने सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेणे हे स्वतःच्या परंपरेशी विसंगत ठरेल.

ती परंपरा मराठीत रुजलेली आहे. गोव्यातील सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांतूनच ख्रिस्तभक्ती लोकांपुढे मांडली, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तानुयायांना सामावून घेणारा बंधुसंघ.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा अनुभव अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक विचारात घेण्याजोगा आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले त्यांचे शारदासदन, म्हणजे विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये वाद पेटून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तर अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. प्रार्थनेचे दार बंद करण्यास रमाबाईंनी दिलेला नकार योग्यच होता; तरीही विश्वासाने मुली सोपवणाऱ्या पालकांची धास्ती केवळ द्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही. ख्रिस्ती संस्थांनी आपली श्रद्धा लपवू नये, त्याचबरोबर शाळा, दवाखाना वा वसतिगृह यांचा लाभ कोणत्याही धार्मिक अटीवर अवलंबून नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी आणि स्पष्ट सांगावे, असे आवाहन त्यामुळेच करावेसे वाटते.

सार्वजनिक साक्ष, म्हणजे आपल्या जगण्यातून श्रद्धेविषयी दिलेली ग्वाही, उपासनेपुरती मर्यादित नसते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीद्वारे पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी सर्व धर्मांच्या लोकांबरोबर लढा दिला. त्यांनाच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. ग्रामसभेत, प्रभागातील बैठकीत आणि पाणीप्रश्नाच्या आंदोलनात ख्रिस्ती नागरिकांनी अशाच रीतीने, आपल्या नावानिशी, उपस्थित राहावे. मात्र समतेची भाषा बाहेर बोलणाऱ्या मंडळीत सोयरीक ठरवताना जात विचारली जात असेल, तर त्या साक्षीवर शेजाऱ्यांनी का विश्वास ठेवावा, याचे उत्तर पाळकांनी आणि धर्मगुरूंनी व्यासपीठावरून द्यावे.

येत्या नाताळात प्रत्येक मंडळीने व धर्मग्रामाने निदान एक मराठी कीर्तन वा भजनसंध्या चर्चच्या आवारात आयोजित करावी, आसपासच्या मंदिर, मशीद आणि विहारांतील लोकांना घरोघरी जाऊन बोलवावे, त्यांना प्रश्न विचारण्यास वेळ राखून ठेवावा, आणि त्यांच्या सणांचे आमंत्रण आल्यास तितक्याच मोकळेपणाने जावे.