फितूर कोण?

दहा वर्षांची पोर न्यायाधीशांसमोर उभी राहते आणि "मला काही आठवत नाही" एवढंच पुटपुटते. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागतात. असं कितीदा घडतं, ते कुठल्याही जिल्हा न्यायालयात विचारा.

यात कायदा कमी पडला म्हणावं, तर 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलांशी बराच मायेने वागतो. जबाब घेताना पोलिसाने गणवेशात यायचं नाही, मूल म्हणेल तिथे जायचं. आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही. वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारायचे.

मग पोरीला आठवेनासं कशानं झालं? ओसरीवरच्या बैठकीनं. तिथे आजी म्हणते, "झालं गेलं गंगेला मिळालं." मामा म्हणतो, "उद्या हिला उजवायचीय." आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: चुलता, शेजारी, शिकवणीचा मास्तर. त्याच्या बायकोपोरांची सगळ्यांना दया येते. पोर आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत असते. तिला कुणी काही विचारत नाही.

परका नराधम असला की आपण मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरतो, फाशी मागतो. 2019 च्या दुरुस्तीने अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी ती तरतूदही झाली. पण गुन्हेगार घरातला असला, तर फासाच्या धाकाने घर आणखीच दातखीळ बसल्यासारखं गप्प होतं, असं माझं मत आहे.

पोरीआधी अब्रू जपायची ही रीत जुनीच आहे. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची अकराएक वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. तिने दहा वर्षं ओलांडली होती, म्हणून कायद्याच्या लेखी तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी संमतिवय दहावरून बारावर नेताना पुण्यात धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. टिळक विरोधात होते. आगरकर, रानडे, भांडारकर बाजूने. आज त्या वादातली टिळकांची बाजू कुणी घेणार नाही. तरी ओसरीवर अब्रूचं नाव निघालं, की आपण सगळे तिकडेच जाऊन बसतो.

पॉक्सोचं कलम 19 सांगतं: ज्याला कळलं, त्याने कळवलंच पाहिजे. आईबापांनाही सूट नाही. 1098 हा बालमदत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आणि कळूनही न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओसरीवर तुम्हीही बसला असाल, तर ते कलम तुमचंच आहे.