मीटर घरातले सांगतो



जुना मीटर महिन्याकाठी एकच गोष्ट सांगायचा: इतके युनिट जळाले. महावितरणचा नवा मीटर दर पंधरा-तीस मिनिटांची नोंद परस्पर पाठवतो. चुकीच्या बिलाशी भांडायला त्या नोंदी कामाच्या, हे खरे. पण त्या आणखीही बरेच बोलतात.

कोकणात पेणजवळचे जोहे पाहा. घरोघर गणेशमूर्ती घडतात. सणाआधी रात्र-रात्र दिवे-पंखे चालतात. कोणाकडे काम भरपूर, कोण हात जोडून बसला, हे आकड्यांवरून ताडता येते. मूर्तींचा भाव पाडणाऱ्याला आणखी काय हवे? आपले तर याहून वाईट. कापूस घरातच रचलेला, सगळे लग्नाला गेलेले. घर तीन दिवस बंद आहे, ही खबर मीटरच देणार.

जून २०२४ मध्ये विरोधामुळे सरकारने सामान्य ग्राहकांचे प्रीपेड मीटर थांबवल्याचे जाहीर केले. पुढे पोस्टपेड बिलाचे टीओडी मीटर आले. रिचार्ज टळला, नोंदी टळल्या नाहीत. आणि मीटरचे ठेके खाजगी कंपन्यांकडे.

अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ साली अपील कोर्टाने अशा नोंदी घेणे म्हणजे घराची झडतीच मानली. वीजव्यवस्थेसाठी ती चालेल म्हटले, पण हेतू पोलिसी तपासाचा असता तर निकाल वेगळा लागला असता, हेही बजावले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहेच.

तेव्हा वीज कचेरीला लेखी विचारा: नोंदी किती दिवस ठेवता, कोणाला दाखवता? अर्जाची पोच घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.