बसून ऱ्हा म्हणणारे

हत्तीपाय झालेल्या माणसाला आमच्या उमरी भागात पहिलं औषध मिळतं ते फुकटचं असतं. ‘बसून ऱ्हा.’ शेजारी सांगतो, सोयरा सांगतो, अंगारा देणारा बुवा सांगतो आणि कधी कधी सुई टोचणारा डॉक्टरही तेच सांगतो. पाय सुजला ना, मग चालू नको, वावरात जाऊ नको. मी साठी ओलांडलेला शेतकरी, शाळा दहावीपर्यंतची. पण अशी बसवलेली माणसं मी जन्मभर बघत आलोय. माझं म्हणणं सरळ आहे. रोग माणसाला अर्धं अधू करतो, उरलेलं अर्धं हा सल्ला करतो.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे म्हणून सरकारच्या यादीत आहेत. घाण पाण्याच्या नालीत वाढणारा क्यूलेक्स डास चावतो, जंत अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहतात. मग कधीतरी पाय सुजतो. हे सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. पण सुजेनंतर जी भीती अंगात शिरते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ही भीती खोटी नाही, हे आधी मान्य करू. नात्यातली एक मावशी खुरपायला जायची. पावसाळ्यात चार दिवस खुरपलं की पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप, पाय लालबुंद, जांघेत गाठ. आठ दिवस बाजेवर. दोन-तीनदा असं झालं आणि तिनं हिशेब मांडला, चाललं की ताप येतो. घरच्यांनीही तोच धरला. ‘कामून जातीस? बस उगं.’ ती बसली. आधी वावर सुटलं, मग बाजार सुटला, मग लग्नकार्य. शेवटी न्हाणीपर्यंत जायलाही धरावं लागायचं. पाय काही उतरला नाही, दुप्पट झाला.

हिशेबात चूक कुठं होती? ताप चालण्यानं येत नव्हता. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या, टाच भेगाळली होती. त्या फटीतून जंतू आत शिरत होते आणि सुजलेल्या पायाला ते रोखता येत नाहीत. चोर मागच्या दारानं येतोय आणि आपण पुढच्या दाराला कुलूप लावून बसलोय, असा तो प्रकार. पाय रोज साबणानं धुतला, बेचक्यातून कोरडा केला, भेगांना मलम लावलं, पायात चप्पल ठेवली, तर असे ताप कमी होतात.

आणि चालणं कामून लागतं, तेही सांगतो. रक्ताला ढकलायला काळीज आहे. पायात साचणाऱ्या या पाण्याला, ज्याला डॉक्टर लसिका म्हणतात, तसं मोठं इंजिन नाही. तिच्या नळ्या स्वतः थोड्या आकसतात, पण वर चढायला मोठा हातभार लागतो तो पोटरीचा. पोटरी आवळली, सैल झाली, की पाणी वर सरकतं. विहीर भरलेली आहे आणि मोट ओढणारा बैलच दावणीला बांधून ठेवला, तर पाणी वर येईल का? दिवसभर पाय लोंबकळत सोडून ओट्यावर बसणं म्हणजे हेच.

ही भीती काही आपल्याच गावची नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर काही बायांचा हात असाच सुजतो. अमेरिकेतही त्यांना वर्षानुवर्षे सांगत होते, जड उचलू नका. 2009 साली तिथं 141 बायांचा अभ्यास छापून आला. निम्म्या बायांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं. त्यांची सूज वाढली नाही, उलट दुखणं उसळण्याचे प्रसंग कमी झाले. आपल्याकडे केरळात कासरगोडला एक संस्था हत्तीपायाच्या रुग्णांना पाय धुणं, पट्टी बांधणं आणि योगासनं एकत्र शिकवते.

यावर कोणी म्हणेल, ‘राबून राबून मरायलेल्या बाईला आणखी व्यायाम काय सांगता?’ प्रश्न रास्त आहे. पण दिवसभर चिखलात वाकून उभं राहणं आणि पाय हलवणं यात फरक आहे. मी बाईला मरेस्तोवर राबवा म्हणत नाही. पाऊल वर-खाली करा, घोट्यातून गोल फिरवा, थोडं चाला, बसताना पाय उशीवर उंच ठेवा, एवढंच म्हणतो. ताप असेल, पाय लाल असेल, तेव्हा मात्र व्यायाम बंद आणि दवाखाना गाठायचा. आणि प्रत्येक सूज हत्तीपायाची नसते. काळजाची असू शकते, किडनीची असू शकते. म्हणून आधी तपासणी.

सरकार 2004 पासून गोळ्या वाटतंय. चांगलं आहे, गोळ्या सगळ्यांनी खाव्यात. पण त्या पुढच्या लेकरांना वाचवतात, सुजून जाड झालेला पाय उतरवत नाहीत. रुग्णाला टब, मग, साबण, टॉवेल देतात. असा टब एका घरी ज्वारी ठेवायला वापरलेला मी पाहिला. घरच्यांना हसू नका. वस्तू दिली, पण शेजारी बसून पाय धुऊन दाखवला नाही, घोटा फिरवून दाखवला नाही, चार दिवसांनी येऊन ‘जमतंय का’ विचारलं नाही, तर दुसरं काय होणार? भीती कागदानं जात नाही, माणसानं जाते.

आणि घरच्यांनाही विचारतो. तुम्ही तिला बसवता ते तिच्या पायासाठी, का सोयऱ्यांनी पाय बघू नये म्हणून? मायेपोटी बसवत असाल तर माया बदला. सकाळी चप्पल तिच्या पुढ्यात ठेवा आणि मारुतीच्या पारापर्यंत तिच्यासंगं चाला. लोक बघतील. बघू द्या.