यंत्राला साडी कशाला?

साकीनाक्याहून पवई ती किती लांब! त्या पवईच्या आयआयटीत 2017 च्या डिसेंबरात हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सची ‘सोफिया’ नावाची यंत्रबाई चक्क साडी नेसून आली होती. परवा वर्गात तिचे चलच्चित्र दाखवले, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी तोंड फिरवून म्हणाली, “सर, ही हसते, पण हिचे डोळे हसत नाहीत. बंद करा ना!”

आमचे एक सहशिक्षक म्हणाले, “पोर अडाणी. सवय झाली की भीती जाईल.”

वाचकहो, माझे भांडण आहे ते या वाक्याशी. दोष पोरीच्या नजरेत नाही, घडवणाऱ्याच्या हट्टात आहे. हे मी पदरचे सांगत नाही. जपानच्या मासाहिरो मोरी या यंत्रमानवांच्याच प्राध्यापकाने 1970 साली लिहून ठेवले आहे की, यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपुलकी वाढते, पण हुबेहूबपणाच्या अगदी जवळ आले की तीच आपुलकी दरीत कोसळते. त्याचा सल्ला असा, की दरीच्या अलीकडेच थांबा. बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने कोरलेला लाकडी हात त्याला आदर्श वाटला. लाकूड ते लाकूडच, पण देखणे!

आपल्या गौरी घ्या. मातीचा नाहीतर पितळेचा मुखवटा, खाली धातूचा सांगाडा, वर ठेवणीतली साडी. डोळे रंगवलेले, ओठ मिटलेले. त्याच मुलीला त्यांची भीती वाटत नाही. ती त्यांच्याशी गप्पा मारते. कारण गौर फसवीत नाही. तिच्या मुखावरचा भाव आपण घालतो, आणि तिसऱ्या दिवशी तिची बोळवणही आपणच करतो. सोफियाचा रबरी चेहरा भाव स्वतःच करून दाखवतो, आणि डोक्यामागच्या पारदर्शक कवचातून यंत्रे दिसतात!

आणि दरवेळी बाईच का? पवईच्याच केंद्रीय विद्यालयातील शिक्षक दिनेश पटेल यांनी टाकाऊ वस्तूंतून ‘शालू’ घडवली. त्या कल्पकतेला माझा नमस्कार. पण रूप बाईचेच. केरळात 2024 साली शाळेत शिकवायला ‘आयरिस’ उभी राहिली, तीही साडीत. विचारल्यावर मुकाट उत्तर द्यावे, कधी चिडू नये, हे काम आपण कोणाकडून करून घेत आलो, ते घराघरांतून ठाऊक आहे. तेच चेहऱ्यावर चिकटवले, दुसरे काय?

दसऱ्याला मी त्या सहशिक्षकांना खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात घेऊन गेलो. लेथला झेंडूची माळ होती. मालकांनी हाक मारली तशी तीच मुलगी पुढे झाली. तिचे वडील तिथेच कामाला आहेत. तिने लेथला कुंकू लावले, आणि ग्रीस लागलेला हात फ्रॉकला पुसला.