फी जूनची, म्हावरं ऑगस्टचं

जूनच्या मध्यावर खारदांड्याच्या किनाऱ्यावर गेलात तर होड्या वर ओढून ताडपत्रीने शाकारलेल्या दिसतील. कुणी जाळी दुरुस्त करतंय, कुणी इंजिन उघडून बसलंय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, त्यामुळे बंदी रास्तच. पण मुंबईतल्या महाविद्यालयांचे प्रवेशही याच सुमारास उरकतात. यादी लागली की मोजक्या दिवसांत फी भरायची, नाहीतर जागा खालच्या नंबराला.

'फी परवडत नाही' आणि 'फी आज हातात नाही' या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पगारदार घराला जून आणि नोव्हेंबर सारखेच. कोळणीच्या घरात मात्र पावसाळा निघतो तो सुक्या बोंबलावर आणि जवळ्यावर. त्यात बारावी झालेल्या मुलीची फी आली की एक तर सोनं गहाण पडतं, नाहीतर व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. ऑगस्टमधलं पहिलं म्हावरं ती फेडण्यात जातं, आणि डिझेल-बर्फाचा खर्च असतोच. विदर्भातल्या शेतकऱ्याचं तरी काय वेगळं? जूनमध्ये त्याचा पैसा बियाण्यात गेलेला असतो.

सरकार काहीच करत नाही असं नाही. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. निर्णय चांगला. पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेबाहेर घेतलेल्या प्रवेशाला तो लागू नाही. शिष्यवृत्तीचा अर्जही प्रवेशानंतरच महाडीबीटीवर भरायचा. पैसे येतात तेव्हा गरज सरलेली असते.

फीच्या आधी प्रवेशाचीही अडचण असतेच. मच्छीमार कोळी विशेष मागास प्रवर्गात येतात, आरक्षण 2 टक्के. दांड्याच्या आसपासची नॅशनल, मिठीबाई, रिझवी ही महाविद्यालयं अल्पसंख्याक संस्थांची. घटनेच्या कलम 15(5) नुसार तिथे हे आरक्षण सक्तीचं नाही. म्हणजे घराजवळच्या दारात जातीचा दाखला चालत नाही, आणि चालतो तिथे लोकलचा पास आला. तो दाखला काढायला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा. खार स्टेशन नव्हतं तेव्हापासून जे इथे जाळी टाकतायत, त्यांनी!

बाबासाहेबांनी 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहिलं आणि मग वेळापत्रक आखलं. आज आपण प्रवेशाचं सगळं ऑनलाइन केलं, पण फीची तारीख पगारदाराच्या घरावरूनच ठरते.

माझं मागणं साधं आहे. प्रवेशाच्या वेळी नाममात्र रक्कम घ्या, पहिला हप्ता नारळी पौर्णिमेनंतर, उरलेली फी दिवाळीनंतर. विद्यापीठाने तसं परिपत्रक काढावं आणि ते सर्व महाविद्यालयांना बंधनकारक करावं. आज कुठे हप्ते मिळालेच तर ते अर्ज-विनवण्या करून, प्राचार्यांच्या मर्जीवर. मुलं मधेच सोडून जातील, पैसे बुडतील, अशी भीती संस्थाचालकांना वाटते. पण खासगी क्लासवाले वर्षानुवर्षं हप्त्याने फी घेतात, आणि त्या पायी कुणाचा क्लास बंद पडलेला मी तरी पाहिलेला नाही.