परसबाग : पाणथळ कोपऱ्यासाठी अर्जुन

परसाच्या टोकाला किंवा शेतालगत ओढा असेल, तर तिथली जमीन पावसाळाभर चिंब असते. अशा जागी हौसेने आंबा लावला जातो आणि मुळे कुजून तो मान टाकतो. तिथे आंब्याचा हट्ट सोडा, अर्जुन लावा. हा मूळचा नदी-ओढ्याकाठचा; काही भागांत त्याला अर्जुनसादडा म्हणतात. काही दिवस पाणी साचून राहिले तरी तो तग धरतो आणि मुळांनी काठची माती धरून ठेवतो.

विकत रोप घेताना अर्जुन म्हणून ऐन गळ्यात पडू शकतो. दोघे एकाच कुळातले, फळांना पंखही दोघांच्या पाच-पाच! खोड पाहिले की मात्र शंका उरत नाही. अर्जुनाचे गुळगुळीत, पांढुरके. ऐनाचे काळपट, सुसरीच्या पाठीसारखे भेगाळलेले. तेव्हा ओळखीच्या झाडाखालची फळे स्वतःच वेचलेली बरी. फेब्रुवारी ते मे या काळात ती पिकतात.

फळे दोन दिवस पाण्यात भिजवून एकेका पिशवीत दोन-दोन पेरावीत. कवच टणक असते. निम्मी उगवली तरी पुष्कळ. दीड-दोन महिने लागले तर कंटाळून पिशव्या उपड्या करू नका. पुढच्या पावसाळ्यात रोप दोन फुटी खड्ड्यात लावा, पण घरापासून तीसेक फूट लांब. हे झाड साठ-सत्तर फूट सहज वाढते. पाण्याचा सोबती असला तरी लहानपणी कोरड्या उन्हाने तो मरतो. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. गुरांपासून जपायला काटेरी कुंपणही हवे.

खरा धोका पुढे असतो, तो माणसांचा. आयुर्वेदात अर्जुनाची साल हृदयासाठी सांगितली आहे, त्यामुळे झाड मोठे झाले की कोणीतरी कोयता घेऊन येतेच. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांपर्यंत जाते. खोडाभोवती साल गोल सोलली की मुळे उपाशी राहतात आणि उभे झाड वाळते. अशा वेळी भीड न बाळगता नाही म्हणा, आणि हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनावर टसर रेशमाचे किडे पाळतात. ते पाने खातात, झाड पुन्हा पालवते.