शंभर टक्के खात्री

कोवलमला समुद्रालगत मंदिर, चर्च आणि दर्गा तिन्ही आहेत. परवा रविवारी आमचे सुभेदारसाहेब तिन्हीकडे डोकं टेकवून आले. मी बाहेर चपला सांभाळत होतो. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "सर, देव नाहीच, याची तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे?"

"नाही."

"मग तुमचीही श्रद्धाच झाली की! आपण सारखेच."

हा युक्तिवाद मी मेसमध्ये वीस वर्षं ऐकतोय. तो चुकीचा आहे. खात्री नसणं म्हणजे माहिती नसणं नव्हे.

याच किनाऱ्याचं घ्या. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला. लाट इथे पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, पण इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आपल्याकडे त्सुनामी येत नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. 2007 मध्ये हैदराबादला इशारा केंद्र सुरू झालं. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळच पुन्हा 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला. इशारा दिला गेला, चेन्नईत लोकांना किनाऱ्यावरून हटवलं. मोठी लाट आलीच नाही, कारण त्या वेळी समुद्रतळ मुख्यतः आडवा सरकला होता, पाणी फारसं उचललं गेलं नाही. म्हणून केंद्र बंद करा, असं कुणी म्हणालं का? हाती आलेल्या पुराव्यावर निर्णय घेतला, नवा पुरावा आल्यावर इशारा मागे घेतला. ज्ञान असंच चालतं. आम्हीही कारवाईआधी ॲप्रिसिएशन लिहितो, त्यात ठाऊक काय आणि अंदाज काय हे वेगळं मांडतो. शंभर टक्क्यांची वाट बघणारा अधिकारी कधीच हलणार नाही.

माझं नास्तिक असणं एवढंच आहे: आजवर पटेल असा पुरावा दिसला नाही. आमच्यातलेही काहीजण "नाहीच" म्हणून टेबल आपटतात. त्यांनी देव सोडला, खात्रीची चटक सोडली नाही.

खात्री काय करते, ते पुण्याने पाहिलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकर देव मानणाऱ्यांनाही सोबत घेऊन काम करत होते. त्यांचा आग्रह एवढाच, की दावा करणाऱ्याने तपासणीला तयार असावं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. 10 मे 2024 ला विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. न्यायालयसुद्धा शंभर टक्के मागत नाही. वाजवी शंका उरू नये एवढं मागतं, आणि निकालावर अपील ठेवतं. गोळीवर अपील नसतं.

म्हणून सुभेदारसाहेबांना मी उलट विचारलं, "उद्या देवाचा पक्का पुरावा मिळाला, तर पहिला फोन मी तुम्हाला करीन, चूक कबूल करायला. तुमचं मत कशाने बदलेल?"

ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कशानेच नाही, सर."

फरक तो हाच.